पुरवणीतली वेल: कर्जत-खालापूरच्या रानातील परक्या आरोही वनस्पती

डॅलझेल आणि गिब्सन यांनी १८६१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘बॉम्बे फ्लोरा’ या ग्रंथाच्या लांबलचक नावातच त्याची रचना सांगितलेली आहे: मुख्य भागात मुंबई इलाख्यात तोवर आढळलेल्या देशी वनस्पतींची वर्णने आणि त्यांच्यामागून, स्वतंत्र पुरवणीत, बाहेरून आणलेल्या व येथे रुळलेल्या वनस्पती. त्या काळी ही वाटणी जमण्यासारखी होती, कारण परकी झाडे मुख्यतः बागेत, छावणीत किंवा बंगल्याच्या आवारात सापडत आणि देशी झाडे रानात. दोहोंच्या मध्ये कुंपण असे व ते बहुतेक वेळा पुरतही असे. त्यानंतरच्या सुमारे एकशे साठ वर्षांत पुरवणीतली पाने मुख्य ग्रंथात अशी मिसळून गेली आहेत की, आज सह्याद्रीच्या पायथ्याशी एखाद्या ओढ्याच्या काठी उभे राहून समोरच्या हिरव्या पडद्यातले मूळचे किती आणि मागाहून आलेले किती हे सांगणे जाणत्यालाही सोपे राहिलेले नाही. प्रस्तुत पुस्तक या सरमिसळीच्या एका अंगाविषयी आहे. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ज्या परक्या वनस्पती दुसऱ्याच्या आधाराने वर चढतात त्या कोणत्या, त्या कुठून आत शिरतात आणि त्यांच्याखाली सापडलेल्या देशी झाडोऱ्याचे काय होते, हा त्याचा विषय होय. विवेचनाचा रोख आरंभीच सांगितलेला बरा: परकी वेल दाट रानाच्या पोटात उगवून बाहेर येत नाही, ती कडेला रुजते आणि कडेवरून आत सरकते, त्यामुळे या दोन तालुक्यांतील वेलींचा इतिहास हा बराचसा रानाची कड कशी व कोणी वाढवली याचा इतिहास आहे.

हा मुलूख दोन डोंगररांगांच्या मध्ये वसलेला आहे. पूर्वेला राजमाची, ढाक, पेठचा किल्ला आणि भीमाशंकर असा सह्याद्रीचा मुख्य कणा, पश्चिमेला माथेरानचा डोंगर आणि दक्षिणेकडे इर्शाळ व माणिकगडाचे सुळके. मधल्या सखल पट्ट्यात भाताची खाचरे, त्यांच्या वरच्या अंगाला नाचणी-वरीची वरकस जमीन आणि तिच्याही वर रान. कर्जतचे पाणी उल्हास, पेज आणि चिल्हार या नद्या वाहून नेतात, खालापूरचे पाताळगंगा. पाऊस सखल भागात तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि माथेरानच्या माथ्यावर पाच हजारांच्या आसपास पडतो. मात्र तो सगळा जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच्या महिन्यांत पडून जातो आणि उरलेले वर्ष कोरडे असते. या विषम वाटणीमुळे डोंगरउतारावरचे रान मुख्यतः पानझडी आहे, म्हणजे त्यातील ऐन, किंजळ, साग, हेद, कळंब, बोंडारा, पळस, काटेसावर ही झाडे कोरड्या महिन्यांत पाने गाळतात; घळींत, देवरायांत आणि माथेरान किंवा भीमाशंकरच्या माथ्यावर मात्र अंजनी, जांभूळ, हिरडा यांचे सदाहरित वा निमसदाहरित रान टिकून आहे. पानझडी रानाचे एक वैशिष्ट्य पुढील सर्व विवेचनाला आधारभूत आहे. त्याच्या तळावर प्रकाश वर्षभर सारखा पडत नाही. पावसाळ्यात छत मिटते, फेब्रुवारी ते मे या काळात ते उघडते, आणि तळची रोपटी, गवते, कंद व झुडपे आपले जीवनक्रम या उघडझापेला जुळवून घेतात.

देशी वेलीही या वेळापत्रकाला बांधलेल्या आहेत. वनस्पतिशास्त्रात जिचे खोड स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नाही आणि जी उंची गाठण्यासाठी झाड, खडक किंवा कुंपण यांचा आधार घेते, अशा वनस्पतीला ‘आरोही’ म्हणतात. तिचे खोड वर्षानुवर्षे टिकून लाकडासारखे कठीण झाले तर तिला ‘महालता’ ही संज्ञा आहे. आधार धरण्याच्या रीती वेगवेगळ्या असतात. चाई आणि करांदा यांचे खोडच आधाराभोवती पिळत जाते. करटोली तणाव्यांनी, म्हणजे स्प्रिंगसारख्या बारीक धाग्यांनी पकड घेते. चिलार आणि वाघेटी आकड्यासारख्या काट्यांनी अडकत वर जातात. महालतांमध्ये पळसवेल, उक्षी, चांबुळी आणि हातभर लांब शेंगांची गारंबी या इथल्या रानाच्या जुन्या रहिवासी होत. खालापूरच्या वाटेवरील पळसदरी स्थानकाने पळसाचे नाव आजवर राखले आहे. पळसवेल मात्र नावापुरतीही कोणत्या फलाटावर पोचलेली दिसत नाही.

या देशी वेलींमध्ये कंदवर्गीय वेली विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत, कारण कर्जत-खालापुरातील ठाकर आणि कातकरी कुटुंबांच्या आहाराशी त्यांचा जुना संबंध आहे. चाईचा मोहर पावसाळ्यात भाजीसाठी खुडतात. करांदे उकडून, कडूपणा काढून खातात. घराच्या परड्यात लावलेले कोनफळ त्याच कुळातले. ही तिन्ही ‘डायोस्कोरिया’ या एकाच प्रजातीची भावंडे असली तरी चाई आणि करांदा ज्या दिशेने आधाराला पीळ घालतात त्याच्या उलट दिशेने कोनफळाचा वेल पीळ घालतो, आणि हा भेद इतका पक्का असतो की पाने नसलेल्या वाळक्या खोडावरूनही जाणता माणूस खाली कोणता कंद आहे हे ताडू शकतो. येथे महत्त्वाची गोष्ट ही की, पाऊस सरला की या वेली वरून मरतात. पाने गळतात, खोड सुतळीसारखे वाळते, जीव जमिनीखालच्या कंदात जातो आणि ज्या झुडपावर वेल चढली होती ते झुडूप पुढचे सात महिने मोकळे होते. वेलीने झाडाचा प्रकाश घेतला हे खरे, पण हंगामापुरता घेतला.

देशी म्हणून सर्वच वेली सोज्वळ असतात असे मानण्याचे मात्र कारण नाही. गुळवेलीचे खोड बुंध्यापाशी तोडले तर वरच्या तुकड्यातून दोऱ्यासारखी हवाई मुळे लोंबू लागतात, ती काही दिवसांत जमिनीला टेकतात आणि तोडलेली वेल पुन्हा उभी राहते. तिच्या ‘अमृता’ या संस्कृत नावाचे मूळ या चिवटपणातही असावे. पळसवेल किंवा गारंबी एखाद्या जुन्या झाडाचा माथा पूर्ण झाकते आणि वादळात त्याला बरोबर घेऊन पडतेही. फरक इतकाच की, गुळवेलीची पाने कुरतडणारे किडे, तिची लाल फळे नेणारे पक्षी, तिचे खोड काढून विकणारी माणसे असा खाणाऱ्यांचा गोतावळा येथेच वाढलेला आहे. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून औषधनिर्मात्यांना पुरवण्याचा व्यवसाय उभा केला, तो अलीकडे बराच गाजला. परकी वेल नव्या मुलखात येते तेव्हा तिचा असा गोतावळा मायदेशीच मागे राहतो. या स्थितीला ‘शत्रुमुक्ती’ म्हणतात. ज्या किडींनी आणि बुरशींनी मायदेशी तिच्या वाढीला लगाम घातलेला असतो त्या सोबत आलेल्या नसल्याने बचावावर खर्च होणारी शक्ती तिला वाढीकडे वळवता येते, असा त्यामागचा तर्क आहे.

पुढे वारंवार येणाऱ्या तीन संज्ञांचा अर्थ येथेच निश्चित केलेला बरा. माणसाने जाणूनबुजून किंवा नकळत मूळ प्रदेशाबाहेर आणलेली ती ‘परकी’ वनस्पती. लागवडीविना आपली संख्या टिकवू लागली की ती ‘रुळलेली’. आणि रुळल्यानंतर जी इतकी पसरते की मूळच्या जीवसृष्टीची, शेतीची किंवा माणसाच्या उपजीविकेची हानी होते, तीच ‘आक्रमक’. परके सारे आक्रमक नसते. मिरची, बटाटा आणि काजू अमेरिकेतून आले आणि कोकणाने त्यांना आपलेसे केले. दारातली नाजूक गणेशवेल, नाव कितीही देवाचे असले तरी, मूळची अमेरिकेचीच आहे. जैवविविधतेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या ‘इपबेस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला त्यानुसार जगभर माणसाने इकडून तिकडे नेलेल्या जीवजाती ३७,००० हून अधिक आहेत आणि त्यांपैकी सुमारे ३,५०० हानिकारक ठरल्या आहेत, म्हणजे दहातली एकही नाही. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २०२२ मधील दुरुस्तीने आक्रमक परक्या प्रजातींची व्याख्या प्रथमच त्या कायद्यात आणली. तथापि ती व्याख्या देशाची सीमा प्रमाण मानते, रानाची मानत नाही. त्यामुळे ईशान्य भारतातून रबराच्या मळ्यांत आच्छादन म्हणून नेलेली आणि केरळात मळ्याबाहेर पडून झाडे झाकणारी खाजकुयलीच्या कुळातली वेल या व्याख्येत बसत नाही, कारण कायद्याच्या लेखी ती भारतीयच आहे.

वेलीचे बळ कशात असते, हा प्रश्न चार्ल्स डार्विनने १८६५ साली आरोही वनस्पतींवरील आपल्या प्रदीर्घ निबंधात हाताळला होता. त्याचे उत्तर मुख्यतः काटकसरीचे आहे: झाडाला प्रकाशापर्यंत पोचण्यासाठी लाकडाचा जाड खांब उभारावा लागतो, वेल मात्र दुसऱ्याने उभारलेला खांब वापरते आणि वाचलेले द्रव्य पाने व लांबी यांत गुंतवते. म्हणूनच वेलींना काही अभ्यासक ‘संरचनात्मक परजीवी’ म्हणतात. बांडगुळाप्रमाणे त्या झाडाचा रस शोषत नाहीत, पण त्याचा सांगाडा फुकट वापरतात. हानी चार वाटांनी होते. पानांचे आच्छादन पडून झाडाचा प्रकाश तुटतो. ओल्या पर्णभाराच्या वजनाने फांद्या वाकतात आणि आषाढातल्या वाऱ्यात मोडतात. जमिनीत मुळांची पाण्यासाठी स्पर्धा लागते. आणि कोरड्या ऋतूत वाळलेल्या वेलींचे जाळे वणव्याला जमिनीवरून शेंड्यापर्यंत नेणारी शिडी होते. यांतील चौथी वाट या तालुक्यांसाठी सर्वांत घातक आहे. तिचा विचार पुढे येईल.

कल्याणहून कर्जतकडे येणाऱ्या प्रवाशाला जी परकी वेल सर्वाधिक दिसते ती रेल्वे क्रीपर. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव आयपोमिया कायरिका. जुन्या ग्रंथांत ती पाल्माटा या नावाने येते. लिनियसने १७५९ मध्ये तिला कैरो शहरावरून नाव दिले आणि बहुतेक अभ्यासक तिचे मूळ उष्णकटिबंधीय आफ्रिकेत मानतात. तिला सर्वमान्य मराठी नाव नाही, ही बाब किरकोळ वाटली तरी बोलकी आहे. रताळ्याच्या आणि ओढ्याकाठच्या बेशरमच्या प्रजातीतली ही वेल. पान तळहातासारखे, पाच बोटांत चिरलेले. फूल कर्ण्याच्या आकाराचे, फिकट जांभळे, मध्यभागी गडद, सकाळी उमलून उन्हे चढताच मलूल होणारे. स्थानकांच्या कुंपणांवर शोभेसाठी तिची लागवड झाली म्हणून तिला हे नाव पडले, असे सांगतात. तिचे एक कांड जवळून पाहिले म्हणजे पुढचा सारा प्रकार उलगडतो. कोवळे खोड गुळगुळीत असते, जून खोडावर बारीक गाठी येतात, आणि जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराशी पांढऱ्या मुळांचा झुपका फुटलेला असतो. अशी दोन पेरे असलेला वीतभर तुकडा ओल्या मातीवर पडला तर तो स्वतंत्र वेल होतो. बी धरण्यात ती अनेक ठिकाणी आळशी आहे; पसरण्याचे मुख्य काम तुटलेले तुकडे करतात. म्हणूनच कोयत्याने तिची छाटणी करून काटक्या तेथेच टाकणे म्हणजे तिची लागवडच करणे होय.

कंदवेलींशी तिची तुलना केल्यास मुख्य फरक ध्यानात येतो. रेल्वे क्रीपर बारमाही आहे. मुळाशी थोडी ओल असली तर ती एप्रिलमध्येही हिरवी राहते. पानझडी रानाच्या कडेला असलेली झुडपे ज्या महिन्यांत उघड्या आकाशातून प्रकाश घेऊन फुलतात, नेमक्या त्याच महिन्यांत तिचे छत मिटलेले असते. पण कोरड्या ऋतूत ओल येते कुठून? याचे उत्तर या तालुक्यांच्या औद्योगिक इतिहासात सापडते. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. सह्याद्रीच्या माथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली आणून वीज केल्यावर ते अनुक्रमे पाताळगंगेत आणि पेज नदीत सोडले जाते. उन्हाळ्यात आटणारे हे प्रवाह तेव्हापासून बारमाही वाहू लागले. शेतीला, पिण्याच्या पाण्याला आणि पुढे उद्योगांना त्याचा मोठा लाभ झाला, हे निर्विवाद. मात्र वीजकेंद्रे येण्यापूर्वी जो नदीकाठ मेमध्ये कोरडा पडत असे तो आता ओला राहतो, आणि ज्या वनस्पतीला कोरडा ऋतू सोसण्याची कला अवगत नाही तिच्यासाठी तो काठ खुला झाला, हा निष्कर्ष टाळता येत नाही. वाहते पाणी तुटलेली कांडीही वाहून नेते. पुलाच्या खांबाला, वाकलेल्या उंबराच्या मुळाला किंवा करंजाच्या खालच्या फांदीला ती जेथे अडकते तेथे रुजते.

रानाची कड वाढण्याची सुरुवात त्याही आधीची आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील चढाचा मार्ग खुला झाला. म्हणजे ‘बॉम्बे फ्लोरा’ची पुरवणी छापली जात होती त्याच वर्षांत घाटाच्या कुशीत बोगदे, भराव आणि उघडे कापलेले उतार तयार होत होते. १९०७ मध्ये नेरळ-माथेरानची छोटी गाडी डोंगरावर चढली. विसाव्या शतकात विजेच्या तारांखालचे मोकळे पट्टे आले, औद्योगिक वसाहती आल्या, २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि त्यानंतर फार्महाऊस व बिगरशेती (एनए) प्लॉटांचा काळ सुरू झाला. पर्यावरणशास्त्रात ‘कड’ म्हणजे दोन प्रकारच्या आवरणांची सीमा, जेथे रानातली सावली संपते आणि ऊन, वारा व माणसाचा वावर सुरू होतो. रानाचे क्षेत्र तितकेच राहिले तरी त्याचे तुकडे पडले की कड वाढते. चौकोनी भाकरीचे चार तुकडे केले तर भाकर तेवढीच राहते, पण तिच्या कडांची लांबी दुप्पट होते. डोंगराच्या पायथ्याला आखून, तारेचे कुंपण घालून, विकून आणि नंतर वर्षानुवर्षे कोणी न फिरकलेला प्लॉट ही या कडेची आजची सर्वांत सामान्य जात आहे. तेथील मूळची करवंदीची जाळी आणि कुड्याची झुडपे आधी जेसीबीने काढली जातात, मग कुंपणाच्या खांबावर शोभेची वेल सोडली जाते. ती बहुधा गुलाबी फुलांची आईस्क्रीम क्रीपर असते, म्हणजेच मेक्सिकोतील अँटिगोनॉन. जमिनीखाली तिच्या मुळांना कंद धरतात. मालक प्लॉट विसरला तरी कंद विसरत नाहीत. पॅसिफिक महासागरातील ग्वाम आणि कॅरिबियन समुद्रातील सेंट युस्टेशियस या बेटांवर तिने मोठे क्षेत्र व्यापले आहे. आपल्याकडच्या रोपवाटिकांत ती आजही ‘लवकर वाढणारी’ म्हणून विकली जाते, आणि ही जाहिरात तंतोतंत खरी आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातून अमेरिकेत पोचलेली जपानी कुडझू वेल १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवण्यासाठी सरकारी प्रोत्साहनाने लावली गेली आणि पुढे ‘दक्षिण गिळणारी वेल’ म्हणून तिची दंतकथा झाली. पुढील मोजणीत मात्र तिने व्यापलेले जंगल त्या दंतकथेच्या मानाने पुष्कळ कमी निघाले. कारण साधे होते: ती उन्हाच्या हव्यासाने रस्त्याच्या व रुळाच्या कडेला माजते, आणि लोक जंगल पाहतात ते रस्त्यावरून. कर्जत लोकलच्या खिडकीतून दिसणारी रेल्वे क्रीपर हीच चूक घडवू शकते. ती काठांवर, कुंपणांवर आणि ओढ्यांत निश्चितच उपद्रवी आहे, पण डोंगराच्या आतल्या उतारावर जे रान खरोखर बदलते आहे ते तिच्यामुळे नाही. ते काम दोन अर्धआरोही झुडपांचे आहे, म्हणजे अशा झुडपांचे, जी उघड्यावर स्वतःच्या पायावर उभी राहतात आणि आधार मिळाला की वेलीसारखी चढतात.

त्यांतील पहिली घाणेरी, जिला टणटणीही म्हणतात. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली. दुसरी रानमोडी, शास्त्रीय नाव क्रोमोलिना ओडोराटा, मूळची अमेरिकेची, तीही १८४० च्या दशकात कलकत्त्यामार्गे भारतात आली आणि कोकणात तिचा जोर विसाव्या शतकात झाला. रेल्वे क्रीपरला मराठी नाव मिळाले नाही. या झुडपाला मात्र लोकांनी त्याच्या करणीवरून नाव दिले. रान मोडते ती रानमोडी. आक्रमक वनस्पतीची इतकी नेमकी व्याख्या कोणत्याही अधिनियमात सापडत नाही, आणि ती कोणा तज्ज्ञाने केलेली नाही. उघड्या वरकसावर रानमोडी पुरुषभर उंच होते. झाडांच्या कडेला मात्र तिच्या लांब, ठिसूळ फांद्या शेजाऱ्यावर रेलत सहा-सात मीटरपर्यंत जातात. पान चुरगळले की उग्र वास येतो, म्हणून गुरे तिला तोंड लावत नाहीत. थंडीत ती फिकट फुलांनी भरते, उन्हाळ्याच्या तोंडावर पिसासारखा झुपका असलेले हजारो दाणे वाऱ्यावर सोडते आणि स्वतः वाळून उभी राहते.

हीच वेळ राब भाजण्याची असते. भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करताना शेण, पालापाचोळा आणि ऐन-किंजळाच्या छाटलेल्या फांद्या पसरून त्या जाळण्याची ही कोकणी पद्धत फार जुनी आहे, आणि पूर्वी तिची आग खाचराच्या बांधापाशी थांबत असे, कारण बांधापलीकडे नाचणीची कापणी झालेले मोकळे वरकस असे. नाचणी-वरीची लागवड घटली, वरकस पडीक पडले आणि त्यावर रानमोडी उभी राहिली. आता बांधावरून निसटलेली ठिणगी वाळक्या रानमोडीत शिरते, तिच्या झाडावर रेललेल्या फांद्यांवरून शेंड्यात जाते, आणि जो वणवा पूर्वी गवत जाळून विझला असता तो ऐनाची पोरवयाची रोपे जाळून पुढे सरकतो. आगीनंतर रानमोडी बुंध्यातून फुटते, ऐनाचे जळलेले रोप बहुधा फुटत नाही किंवा उशिरा फुटते, आणि दरवर्षीच्या या फेऱ्यात उतारावरच्या झाडोऱ्याची पुढची पिढी तयारच होत नाही. माथ्यावर मोठी झाडे उभी दिसतात म्हणून रान शाबूत आहे असे वाटते, परंतु त्यांच्याखाली त्यांची मुले नसतात. रान मोडण्याची ही रीत सावकाश असल्याने सहसा कोणाच्या नोंदीत येत नाही.

तोट्याची झळ प्रथम कोणाला लागते, हेही स्पष्ट असावे. एप्रिल-मेमध्ये कर्जत, नेरळ आणि खोपोलीच्या स्थानकांवर पानांच्या द्रोणांतून करवंदे विकणाऱ्या ठाकर व कातकरी स्त्रियांचे उन्हाळ्याचे उत्पन्न करवंदीच्या उघड्या, उन्हातल्या जाळ्यांवर अवलंबून असते; घाणेरी किंवा वेलींच्या सावलीत गेलेली जाळी जिवंत राहते, पण फुलोरा कमी धरते. पहिल्या पावसाबरोबर शेवळ जेथे वर येतात, करटोलीची वेल जेथे दरवर्षी फुटते, चाईचा कंद जेथे आजीने पाहून ठेवलेला असतो, त्या सर्व जागा रानाच्या कडेलाच आहेत. परकी वेल ज्या पट्ट्यात माजते तोच रानभाजीचा पट्टा आहे, हा निव्वळ योगायोग नाही, कारण दोघांनाही थोडे ऊन आणि थोडी सावली लागते. फुलपाखरांचा दाखला देऊन घाणेरीची बाजू घेतली जाते आणि त्यात तथ्यही आहे: तिच्या मधावर अनेक जाती येतात. मात्र मध पिणे वेगळे आणि अंडी घालणे वेगळे. सापसंदाच्या वेलीवर वाढणाऱ्या सुरवंटाला घाणेरीचे पान चालत नाही. उलट उदाहरणही नोंदवणे न्यायाचे ठरेल. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या वेलघाणीच्या पानांवर ‘टॉनी कोस्टर’ या इथल्या फुलपाखराचे सुरवंट आनंदाने पोसले जातात.

भविष्याच्या दृष्टीने ज्या वेलीवर नजर ठेवायला हवी ती मिकानिया मायक्रँथा. मध्य व दक्षिण अमेरिकेतील ही वेल आसामच्या चहामळ्यांत आणि केरळच्या जंगलांत व बागांत अनेक दशके माजलेली आहे. तिच्या वाढीच्या वेगामुळे इंग्रजीत तिला मिनिटाला मैलभर धावणारी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात विमानतळ झाकण्यासाठी ती आसामात लावली गेली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्यावर उपाय म्हणून तिच्या मायदेशातील तांबेरा रोगाची बुरशी आणून २००५-०६ च्या सुमारास आसाम व केरळात सोडण्यात आली, पण ती येथे टिकली नाही. पापुआ न्यू गिनीत मात्र तीच बुरशी रुजली. जैविक नियंत्रण, म्हणजे शत्रुमुक्तीचा फायदा शत्रू परत आणून काढून घेणे, हा मार्ग शास्त्रशुद्ध असला तरी मागणीनुसार मिळणारा नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

मग हातांनी होण्यासारखे काय आहे? घाणेरीसाठी भारतात विकसित झालेली ‘कट रूटस्टॉक’ पद्धत उपयुक्त ठरली आहे. तीत झुडूप जमिनीसरशी न छाटता मुख्य मूळ फुटव्यांच्या पट्ट्याखाली तोडतात आणि झुडूप उलटे करून वाळवतात, म्हणजे मुळांना माती मिळत नाही. रानमोडी फुलण्याआधी, पावसाळा सरताना माती मऊ असताना उपटली तर निघते. जानेवारीनंतर कोयता लावणे म्हणजे बी झाडणे होय. परंतु काढलेल्या जागी काहीच लावले नाही तर दोन पावसाळ्यांत तेच झुडूप परत येते, आणि वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत हीच पायरी सर्वाधिक वगळली जाते. मोकळी केलेली कड देशी झुडपांनी आणि वेलींनी पुन्हा शिवून घ्यावी लागते. ते काम ज्यांना कंदाची जागा वाळक्या खोडावरून ओळखता येते त्यांच्यावाचून होणार नाही, म्हणून त्यांच्या मजुरीबरोबर त्यांच्या ज्ञानाचेही मोल झाले पाहिजे. सामूहिक वनहक्कांची तरतूद २००६ च्या कायद्यात आहे आणि रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानेच देशाला दाखवला. या दोन्हींच्या जोडीने कडेचे काम गावाच्या हाती देता येईल.

या तालुक्यांच्या परिसरातील वनस्पतींच्या जुन्या नोंदी उत्तम आहेत. बर्डवुड यांची माथेरान-महाबळेश्वरची वनस्पतिसूची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली, कुक यांचा इलाख्याचा ग्रंथ १९०१ ते १९०८ मध्ये झाला, आणि फादर सांतापाव यांनी घाटमाथ्यावरील खंडाळ्याची वनस्पतिसृष्टी १९५३ मध्ये ग्रंथबद्ध केली. घाटाखालच्या रानाला तसा चिकित्सक नोंदकार अजून हवा आहे, आणि प्रस्तुत पुस्तकाचा हेतू ती पोकळी भरून काढण्याचा नसून वाचकाला त्या कामाकडे वळवण्याचा आहे. तोवर कर्जत-खालापुरात घर, शेत किंवा प्लॉट असणाऱ्या वाचकाने दोन गोष्टी आजच कराव्यात. कुंपणावर वेल हवीच असेल तर डोंगरातली कुसर लावावी. ती उन्हाळ्यात पांढरी फुलते, तिला सुगंध आहे आणि ती इथलीच आहे. आणि छाटलेली रेल्वे क्रीपर ओढ्यात टाकू नये. ओढा पेजेला मिळतो, पेज उल्हासेला, आणि दोन पेरांची कांडी वाटेत कुठेही मुळे धरते.